संकटात सरकारी मदत कोणाच्या दुकानापर्यंत पोहोचते?



"लॉकडाऊनमध्ये सरकारने छोट्या धंद्यांसाठी काही केलं का?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. उत्तर आहे, केलं. पण ज्याचा धंदा कागदावर दिसत होता, त्यालाच ते सहज मिळालं.

आपल्या शेगावचंच बघा. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झालं. राज्यातली देवळं उघडली थेट १६ नोव्हेंबरला. हार-फुलं, प्रसाद, खेळणी विकणाऱ्यांचं आठ महिने गिऱ्हाईकच गेलं. अशा विक्रेत्यांसाठी १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली. तारण न ठेवता १०,००० रुपये, फेड एका वर्षात, हप्ते वेळेवर भरले तर व्याजात ७ टक्के सबसिडी. पण २४ मार्च २०२० च्या आधीपासून शहरात विक्री करतो, याचा पुरावा लागायचा. नगरपरिषदेच्या सर्वेक्षणात नाव, विक्रेता ओळखपत्र किंवा शिफारसपत्र.

दुकानदार आणि छोट्या उद्योगांसाठी सरकारी हमीचं कर्ज आलं, ईसीएलजीएस. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के जादा कर्ज, तेही नवीन तारण न देता. म्हणजे ५ लाख बाकी असतील तर १ लाख. आणि ज्याचा सगळा धंदा उधार-उसनवारीवर, बँकेत कर्जच नाही, त्याला? शून्याचे २० टक्के शून्यच!

अजून एक गोष्ट नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालूच होतं. सवलत म्हणजे माफी नव्हे.

मग आज काय करायचं?

१. धंद्याचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा. रोजची विक्री त्यात दिसू द्या.

२. उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. जुलै २०२१ पासून किरकोळ दुकानदारही ती करू शकतात.

३. हातगाडी असेल तर नगरपरिषदेत नाव नोंदवा. स्वनिधी अजून चालू आहे, पहिलं कर्ज आता १५,००० पर्यंत मिळतं.

४. झेपेल एवढंच कर्ज घ्या आणि तारखेला फेडा. बँकेत तीच तुमची ओळख.

दुकान बंद पडल्यावर कागद जमवायला वेळही नसतो आणि डोकंही चालत नाही. धंदा बरा चालतोय, तेव्हाच फाईल तयार ठेवा.