मुंबईतील आडवळणाच्या खाणावळी

मुंबईत कामानिमित्त आलेला मनुष्य दुपारी एकच्या सुमारास भुकेने व्याकूळ झाला म्हणजे काय करतो? स्टेशनासमोरच्या मोठ्या पाटीच्या उपाहारगृहात शिरतो, चार पानांची पदार्थांची यादी चाळून गोंधळतो, आणि ज्याची ना चव लक्षात राहते ना नाव, असे काहीतरी खाऊन, अंमळ जास्तच पैसे मोजून बाहेर पडतो. त्याच वेळी तेथून शंभर पावलांवर एखाद्या जुन्या इमारतीचा अरुंद जिना चढून नेहमीची मंडळी वर जात असतात. त्यांना वाढपी चेहऱ्यावरून ओळखतो. ताटात गरम आमटी, दोन भाज्या व ताजी पोळी पडते. आणि अर्ध्या तासात ती मंडळी तृप्त होऊन, पुष्कळ कमी खर्चात, आपापल्या कामावर परत जातात.

हा फरक माहितीचा आहे. स्वस्त आणि चांगली खाणावळ शहरात कोठेही योगायोगाने उगवत नाही. घरापासून दूर राहून पोट भरणाऱ्या माणसांचा एखादा समुदाय जेथे वस्तीस आला, तेथे ती निघाली. कोणत्या भागात कोण आले आणि त्यांना कोणी जेवू घातले, एवढे ध्यानी घेतले म्हणजे मुंबईत कोठे काय खावे, हे पुष्कळसे आपोआप कळते.

प्रथम गिरणगाव पाहावे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे ती गिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराड्यांचे जणू रानच उभे राहिले, आणि कोकणातून व घाटावरून माणसांचा लोंढा मुंबईस आला. बायकामुले गावी शेतीवर ठेवून पुरुष तेवढे आले. १९२१ च्या शिरगणतीत या शहरातील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून किंचितच अधिक भरली, यावरून या एकट्या राहणाऱ्या माणसांच्या गर्दीची कल्पना येईल. एका गावचे वीस-पंचवीस गडी एकाच खोलीत पथारी पसरीत. त्यांचा स्वयंपाक करावयाचा कोणी? त्याच चाळीतील एखादी बाई, कित्येकदा विधवा, कित्येकदा नवऱ्याची नोकरी सुटलेली, आपल्या चुलीवर दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या अधिक थापू लागली. हीच गिरणगावची खाणावळवाली. तिच्या दारावर पाटी नव्हती. जेवणाचा हिशेब महिन्याचा असे. कोणी चार दिवस गावी गेला, तर तेवढ्या दिवसांचा ‘खाडा’ धरून रक्कम वजा होई.

या बायकांचे भांडवल म्हणजे वाण्याची उधारी आणि सावकाराचे चढ्या व्याजाचे कर्ज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना एकत्र आणले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. उधारीवर जेवणाऱ्यास घासभर अन्न नाकारणे कठीण, आणि उधारी वसूल होणे त्याहून कठीण, अशा कात्रीत खाणावळवाली सापडली. पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या, जेवणारे गावोगाव परतले, आणि त्या चुली एकामागून एक विझल्या.

तथापि त्या चुलींवरची चव गिरणगावातून गेलेली नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत आजही मिरची पारखून घ्यावी, भाजून घ्यावी व डंकावर कुटून न्यावी, असा परिपाठ आहे. आसपासच्या गल्ल्यांत आणि दादर-परळच्या बाजूस चार-सहा टेबलांच्या मालवणी खाणावळी आढळतात. येथे छापील यादीपेक्षा भिंतीवरच्या फळ्यावर विश्वास ठेवावा. कारण त्या दिवशी बाजारात जी मासळी आली तीच फळ्यावर लिहिलेली असते. बांगडा व मांदेली खिशाला सोसतात. पापलेट व सुरमई यांचा भाव पुसूनच मागवावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. तेव्हा या खाणावळींत सुके बोंबील, सुकट व जवळा खावा. त्यानंतर श्रावण लागला की मांसमत्स्याहार वर्ज्य करणारी गिऱ्हाइके घटतात, आणि एरवी रांग लावावी लागणाऱ्या ठिकाणी निवांत जागा मिळते.

गिरणगावाहून थोडे उत्तरेस माटुंगा. येथे दक्षिणेकडून कारकुनी व रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्या मंडळींची वस्ती झाली. त्यांना भाकरी नको होती; भात, सांबार, रस्सम् आणि ताक हवे होते. १९४२ साली ए. राम नायक यांनी येथे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनालगत, मंडईच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते आहे. रस्त्याने जाणाऱ्याची दृष्टी सहसा इतकी वर जात नाही. जिना चढून गेलेल्यास केळीच्या पानावर साधे, स्वच्छ व पोटभर जेवण मिळते. तेथून जवळच, किंग्ज सर्कलच्या बाजूस, १९४० साली निघालेले कॅफे मद्रास इडली-डोशासाठी ख्यात आहे.

दक्षिण मुंबईत काळबादेवीचा प्रकार याहून निराळा. तेथे कापडाच्या व सराफीच्या पेढ्या. त्यांवर काम करणारे गुमास्ते गुजरात, काठेवाड व मारवाडातून आलेले. त्यांच्यासाठी भोजनालये निघाली ती बहुधा पहिल्या मजल्यावर, कारण तळमजल्याची जागा व्यापारास मोलाची. दादीशेठ अग्यारी गल्लीतील ठाकर भोजनालय १९४५ पासूनचे. आज ते फारसे स्वस्त राहिलेले नाही. पण गल्लीबोळांतून वाट काढीत गेल्याशिवाय ते सापडावयाचे नाही, हे मात्र अद्याप खरे आहे.

काळबादेवीस लागूनच गिरगाव, आणि रेल्वेने थोडे पुढे दादर. येथे मराठी मध्यमवर्गाने आपली उपाहारगृहे उभारली. दादर स्टेशनाच्या पश्चिमेस मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासून चालत आले आहे. थालीपीठ, साबुदाण्याचा वडा, कोथिंबिरीची वडी, मिसळ, पियूष असे घरगुती पदार्थ अशा ठिकाणी मिळतात. एके काळी परगावाहून आलेल्या, घरी स्वयंपाकाची सोय नसलेल्या तरुणास तेच आईच्या हातच्या खाण्याच्या जागी होते.

इराण्यांची कथा तर स्वतंत्रच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून बहुधा जरथुष्ट्री इराणी मुंबईस आले. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यास स्वस्तात मिळे, असे परंपरेने सांगतात. कसेही असो, कोपरा, दोन्ही रस्त्यांकडे उघडी दारे, संगमरवरी टेबले, आणि एका चहावर तासभर बसू देणारा गल्ल्यावरचा मालक, ही इराण्याची खूण ठरली. जातीपातीचा विचार न करता कोणाही शेजारी बसून चहा पिण्याची सवय मुंबईस लागली, तिचे बरेचसे श्रेय या टेबलांना द्यावे लागेल. धोबीतलावाजवळ कयानी आणि कंपनी १९०४ पासून, व बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया आणि कंपनी १९२३ पासूनची. ब्रिटानियात जेवण करणे आता खर्चाचे झाले आहे. ब्रून-मस्का आणि चहा मात्र उरलेल्या बहुतेक इराण्यांकडे अजूनही साध्या माणसाच्या आवाक्यात आहे.

आता स्वस्ताईचे मर्म. याचा अर्थ माल हलका, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु जुन्या खाणावळीचा हिशेब वेगळाच असतो. पहिली गोष्ट, पदार्थ थोडे. आज काय शिजावयाचे हे मालकाने सकाळीच ठरविलेले असते, त्यामुळे उरलेले अन्न टाकण्याची पाळी फारशी येत नाही. दुसरी, गिऱ्हाईक ठरलेले. किती पाने बसतील याचा अंदाज रोजच्या अनुभवाने आलेला असतो, आणि जाहिरातीवर खर्च करावा लागत नाही. तिसरी, घरची माणसे. भाजी चिरण्यापासून गल्ला सांभाळण्यापर्यंत कुटुंबच राबते, आणि त्या कष्टांचे, त्यातही घरातील स्त्रियांच्या कष्टांचे, पूर्ण मोल ताटाच्या किमतीत कधीच धरलेले नसते. चौथी गोष्ट जागेचे भाडे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशीचे भाडे प्रमाण धरले. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम राहिले. मुंबईत चांगले जेवण स्वस्तात मिळत आले, त्यात हे जुने भाडे हा एक न दिसणारा पदार्थ आहे.

म्हणूनच जुनी इमारत पाडून तेथे मनोरा उभा राहू लागला म्हणजे खाणावळीपुढे बिकट प्रश्न उभा राहतो. बांधकाम चालू असताना वर्षानुवर्षे धंदा बंद ठेवावा, तर ठरलेले गिऱ्हाईक पांगते. दुसरीकडे जागा घ्यावी, तर आजचे भाडे ताटाच्या किमतीत मावत नाही. आणि पुढची पिढी शिकून दुसऱ्या उद्योगाला लागलेली असते. गिरगावात खोताच्या वाडीतील अनंताश्रम ही माशांच्या जेवणासाठी नावाजलेली खाणावळ कित्येक दशके चालली. ती आता नाही.

सरकारनेही स्वस्त जेवणाचे प्रयत्न केले. १९९५ मध्ये एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. भुकेल्यास त्यांचा आधार झाला, हे निःसंशय. परंतु असे जेवण अनुदानावर उभे असते. झुणका-भाकरीचे अनुदान थांबले, तेव्हा त्या केंद्रांचा मूळ हेतूही मागे पडला. खाणावळ उभी असते ती रोज त्याच वेळी त्याच बाकावर येऊन बसणाऱ्या माणसांवर, आणि हा आधार सरकारी ठरावाने निर्माण होत नाही.

अशी जागा नवख्याने शोधावी कशी? बाजारपेठ, कचेऱ्या किंवा छोटे कारखाने जेथे दाट आहेत, तेथे दुपारी साडेबाराच्या सुमारास थोडे थांबावे आणि माणसे कोणत्या बोळात वळतात ते पाहावे. वाट पुसावयाची ती फुलवाल्यास, पोस्टमनास किंवा जुन्या दुकानातील नोकरास. त्याला स्वतःला रोज जेवावयाचे असल्यामुळे त्याचे मत खात्रीचे. आत गेल्यावर पाण्याचे पेले आणि हात धुण्याची जागा स्वच्छ आहे काय, हे आधी पाहावे. भात निवलेला नसावा. शेजारचा मनुष्य काही न सांगताच त्याचे ताट समोर आले, तर ठिकाण योग्य आहे असे खुशाल समजावे. उशिरा मात्र जाऊ नये. दोननंतर भाजी संपते, आणि ती संपणे हेच ती ताजी असल्याचे प्रमाण होय.

जेवणाऱ्याकडेही काही कर्तव्य येते. ताटात टाकू नये, मंडळी खोळंबली असतील तर गप्पा मारीत बसू नये, आणि अपरिचितास समोरच्या खुर्चीवर बसू द्यावे. एकदा कौतुकाने जाऊन, पदार्थांची छायाचित्रे काढून परत न फिरकणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीने खाणावळीचे पोट भरत नाही; उलट रोजच्या गिऱ्हाइकास जागा मिळेनाशी होते. घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवरील एखादी खाणावळ शोधून काढावी, आठवड्यातून एक वार तिच्यासाठी नेमून ठेवावा, मुलांनाही बरोबर न्यावे. पैसे चुकते करून निघताना उद्या कोणती भाजी आहे, एवढे विचारावयास विसरू नये.