गावचे महत्तर, घरचे म्हातारे

‘म्हातारा’ हा शब्द कुणाच्या तोंडावर वापरायला आज आपण कचरतो. त्याचं मूळ मात्र मानाचं आहे. तो संस्कृत ‘महत्तर’वरून आला. महत्तर म्हणजे अधिक मोठा, आणि त्यावरूनच गावच्या कारभारातला जाणता माणूस. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राजा जमिनीचं दान ज्यांना कळवतो, त्या राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्या यादीत महत्तरही असतात. साहजिकच आहे, शेताची चतुःसीमा ध्यानात राहणार ती ज्याने जास्त पावसाळे पाहिले त्याच्याच. ‘म्हात्रे’ हे आडनावही या हुद्द्याशी जोडलं जातं. पुढे हुद्दा गेला आणि शब्दात नुसतं वय उरलं.

‘थेरडा’ तर याहून खाली घसरला. मळवली स्टेशनाजवळच्या भाजे लेण्यांत १४ दगडी स्तूपांचा एक समूह आहे. ५ कातळाच्या छताखाली, ९ उघड्यावर. त्यांतल्या काहींवर ब्राह्मी अक्षरांत भिक्खूंची नावं आहेत, आणि नावाआधी आदराने ‘थेर’. संस्कृतातला ‘स्थविर’ तो हाच. स्तूपावर कोरण्याएवढ्या योग्यतेच्या या शब्दाला ‘डा’ चिकटला आणि त्याची शिवी झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरकारदरबारी ‘ज्येष्ठ नागरिक’ चालतं. २००७च्या कायद्याने ६० वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ ठरते. एसटीत ६५ला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाली की प्रवास मोफत. खिडकीवर आणि अर्जावर हा शब्द सोयीचा आहे, पण त्याला घरची ऊब नाही.

ती ऊब नपुंसकलिंगात आहे. “आमचं म्हातारं अजून पहाटे गोठ्यात असतं,” असं सून सांगते तेव्हा त्यात अनादर शोधू नये. पोरगं, लेकरू म्हणताना जी माया असते, तीच इथे आहे. गावाकडे ‘म्हातारबा’ म्हणूनही हाक मारतात आणि म्हातारबा ओ देतात. तोच शब्द “ए म्हाताऱ्या, सरक” असा अनोळखी माणसाच्या तोंडून आला, की जिव्हारी लागतो. तिथे दोष त्या ‘ए’चा आणि एकेरीचा असतो. अनोळखी माणसाला बाबा, काका, आजी, मावशी म्हणावं. घरातल्या माणसाचं म्हातारपण मात्र ‘ज्येष्ठत्वा’च्या आड लपवायचं कारण नाही.