वैद्यकीय प्रशिक्षण आणि संवाद

रोगनिदान अचूक असूनही ते रुग्णाच्या आकलनापर्यंत पोहोचले नाही, तर उपचार अपुराच राहतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभारलेल्या पोलाद कारखान्यामुळे भिलाईत अनेक प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली. कारखान्याच्या सेक्टर ९ मधील रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरला म्हणूनच बहुभाषिक रुग्णांशी बोलावे लागते. ‘मूड़ पिरावत हे’ म्हणजे डोके दुखते आहे, एवढे छत्तीसगढी त्याला कळलेच पाहिजे. परंतु भाषा कळणे ही केवळ पहिली पायरी होय.

या प्रदेशात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे उदाहरण घेऊ. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. ‘पहिले मूल रोगी निघाले, आता पुढील तीन सुखरूप’ असा अर्थ पालक सहज लावतात. वस्तुतः ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेत तेवढीच राहते. ‘समजले ना?’ या प्रश्नाला भिडेपोटी होकारच मिळतो. ‘घरी जाऊन काय सांगाल?’ असे विचारले, तर गैरसमज तत्काळ उघड होतो.

२०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने पदवीधराच्या भूमिकांत ‘संवादक’ ही भूमिका समाविष्ट केली आहे. मात्र तिची खरी शिकवण रुग्णशय्येपाशीच मिळते. ज्येष्ठ डॉक्टर रुग्णाचे म्हणणे कसे ऐकतो, हे पाहूनच कनिष्ठ घडतो.