तुकडा काय सांगतो?

तोंडातली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाही. डॉक्टर म्हणतात, "तुकडा काढून तपासू." घरची माणसे घाबरतात. "सुरी लागली की रोग पसरतो," असे कुणी सांगते. ते खरे नाही. उशीर केला तर मात्र रोग वाढतो.

त्या तुकड्याचे काय करतात, ते आपण पाहू. तो कुजू नये म्हणून फॉर्मेलिनच्या पाण्यात ठेवतात. मग मेणात बसवून यंत्राने त्याचे काप काढतात. असे २५० काप एकावर एक ठेवले, तर जाडी भरेल जेमतेम १ मिलिमीटर! काप काचेवर घेऊन त्याला दोन रंग देतात, निळा आणि गुलाबी. यातला निळा रंग एका झाडाच्या लाकडापासून काढतात.

आपले अंग बारीक पेशींचे बनले आहे. सूक्ष्मदर्शकातून पेशीचा गाभा निळा दिसतो, भोवतालचा भाग गुलाबी. निरोगी पेशी सारख्या आणि नीट बसलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या, गाभा मोठा नि गडद. कधी नुसती सूजच निघते, आणि जीव भांड्यात पडतो.

रोग कोणता, किती जोराचा, हे रिपोर्टात लिहितात. त्यावरून उपचार ठरतो. म्हणून रिपोर्ट हातात घ्या, डॉक्टरांकडून समजून घ्या आणि जपून ठेवा.