वाढत्या अंगाची सायकल

मे महिना आला की इथल्या इस्टेटीमधल्या ग्रीनवर सायकलींची जत्रा भरते. दुसरीतल्या मुलांचा फर्स्ट कम्युनियनचा सोहळा साधारण याच सुमारास असतो. नातेवाईक मुलांच्या हातावर पैसे ठेवतात आणि त्यातून पुष्कळदा नवी कोरी सायकल घरी येते. मग आपल्याही घरात विषय निघतोच. "आई, सगळ्यांकडे आहे, मला कधी?"

प्रश्न लहान वाटतो, पण तसा तो नाही. आयर्लंडमध्ये मुलांची दोस्ती शाळेइतकीच ग्रीनवर जमते, आणि ग्रीनवरची टोळी सायकलवरून हिंडते. ज्याच्याकडे सायकल नाही, किंवा आहे पण तिची भीती वाटते, ते मूल कडेला उभं राहतं. नव्याने इथे आलेल्या कुटुंबाला हे जास्त जाणवतं. दुसरीकडे घरभाडं, क्रेश, भारतातली जबाबदारी हे सगळं सांभाळताना दर दोन वर्षांनी लहान होणाऱ्या वस्तूवर दोन-तीनशे युरो घालवायचे म्हणजे जिवावर येतं. (युरोला रुपयांनी गुणायची सवय अजून गेली नसेल तर विचारूच नका!) म्हणून हा लेख. कमी खर्चात, पण मुलाला खरोखर चालवता येईल अशी सायकल कशी निवडायची, ते बघू.

आपली जुनी सवय

शाळेचा गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, बूट घ्यायचे ते पुढे कापूस घालून, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सायकलचंही तेच. आपल्यापैकी कितीतरी जण वडिलांच्या चोवीस-इंची नाहीतर तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकले. गुडघे फुटले, पण शिकलो, असं आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, हे मात्र सांगायचं राहतं.

मोठ्या सायकलवर मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे थांबता येत नाही. हात लांब ताणावे लागतात, त्यामुळे ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत आणि हॅण्डल वळवताना तोल जातो. दोनदा पडलं की मूल "मला नकोच" म्हणतं आणि सायकल शेडमध्ये जाते. पुढे मूल तिच्या मापाचं होतं, पण तोवर तिला गंज चढलेला असतो. वाचवायला गेलेले पैसे असे पूर्ण वाया जातात.

माप कसं घ्यायचं

दुकानात वय विचारतात, खोक्यावरही वयच लिहिलेलं असतं. पण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत सहज वीतभर फरक असतो. म्हणून वयावर जाऊ नये, पायाची आतली लांबी मोजावी. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मध्ये एक जाडसर पुस्तक आडवं धरून वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. जो आकडा येईल तो मोबाईलमध्ये लिहून ठेवा. सायकल घेताना हाच उपयोगी पडतो.

आता सायकलच्या बाजूने. चाकाचे इंच ही फक्त ढोबळ खूण आहे. साधारणपणे १२ आणि १४ इंची चाक तीन ते पाच वर्षांच्या मुलांना, १६ इंची चार ते सहाच्या आसपास, २० इंची सहा ते नऊ, २४ इंची आठ-नऊ ते अकरा आणि त्यानंतर २६ इंची. मात्र कंपनीप्रमाणे फ्रेम बदलते, म्हणून खरा प्रश्न विचारायचा तो हा: "सीट सगळ्यात खाली घेतली तर जमिनीपासून किती उंच राहते?" हा आकडा आपण मोजलेल्या आकड्याएवढा किंवा थोडा कमी हवा. नवशिक्या मुलाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. चांगली चालवता येणाऱ्या मुलाचे चवडे टेकले तरी पुरतं. फ्रेमच्या मधल्या नळीवर उभं राहिल्यावर नळी आणि मूल यांच्यात दोन-तीन बोटं अंतर राहायला हवं.

आणि वाढत्या अंगाचं काय? त्याची सोय सीटखालच्या नळीत असते. पाच ते दहा वर्षांच्या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. त्यातली जवळजवळ निम्मी वाढ पायांची धरली, तर वर्षाला तीनेक सेंटीमीटर. सीट जर सात-आठ सेंटीमीटर वर घेता येत असेल, तर आज मापात असलेली सायकल दोन-अडीच वर्षं सहज पुरते. तेव्हा चाक आजच्या मापाचं घ्या आणि सीटची नळी उद्याच्या मापाची बघा.

वजन, गिअर आणि ब्रेक

एक गंमत करून पाहा. सहा वर्षांच्या मुलाचं वजन वीस किलो धरलं आणि सायकल दहा किलोची असली, तर ते मूल आपल्या निम्म्या वजनाचं वाहन ढकलत असतं. सत्तर किलोच्या बाबांनी पस्तीस किलोची सायकल चढावर चालवून दाखवावी! म्हणून दोन सायकली सारख्याच वाटल्या तर उचलून बघा आणि हलकी निवडा. पुढच्या चाकावर जाड स्प्रिंगा लावलेली सायकल मोटारसायकलसारखी दिसते आणि मुलांना हमखास आवडते. पण स्वस्त सायकलमधल्या त्या स्प्रिंगा वजन वाढवण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. गिअरचंही तसंच. १६ इंचीपर्यंत गिअर नकोतच आणि २० इंचीला असले तर थोडे असावेत. जितके भाग जास्त, तितकी दुरुस्ती जास्त.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नाही. मुलाला सीटवर बसवून लिव्हर दाबायला सांगा. दोन बोटांत दाबून चाक थांबलं पाहिजे. इथल्या नियमांप्रमाणे सात वर्षांपेक्षा मोठ्या मुलाच्या सायकलला पुढे आणि मागे असे दोन स्वतंत्र ब्रेक लागतात, घंटीही लागते. अंधार पडल्यावर पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर आवश्यक. डिसेंबरात डब्लिनला सव्वाचारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे हा नियम मोठ्यांसाठी आहे असं समजून सोडून देऊ नका.

शिकवताना

बाजूची दोन छोटी चाकं लावली की मूल पायडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. अवघड असतो तो तोलच. म्हणून हल्ली लहान मुलांना पायडल नसलेली, पायांनी ढकलायची बॅलन्स बाईक देतात. ती वेगळी विकत घ्यायलाच हवी असं नाही. साध्या सायकलची दोन्ही पायडल काढा, सीट खाली करा, झाली बॅलन्स बाईक! फक्त एक लक्षात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतं. नेहमीसारखा पाना फिरवत बसाल तर ते आणखी घट्ट होईल.

थोडं मोठं झाल्यावर रस्त्याचं शिक्षण हवं. त्यासाठी २०१७ मध्ये 'सायकल राइट' नावाचं राष्ट्रीय प्रशिक्षण सुरू झालं, ते प्राथमिक शाळांमधून दिलं जातं. आपल्या शाळेत होतं का, हे जरूर विचारा. सरावासाठी मोकळ्या जागाही भरपूर आहेत. वॉटरफर्ड ते डन्गारव्हन हा ४६ किलोमीटरचा ग्रीनवे २०१७ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर तयार झाला. रेल्वेची वाट म्हणजे चढ सौम्य, आणि मोटारींचा त्रास नाही. अशा ग्रीनवेवर भाड्याने सायकली मिळतात. विकत घेण्याआधी मुलाला तिथे एक-दोन मापं चालवून बघू द्यावीत. गावाकडच्या तासाच्या सायकलीची आठवण होईल ती वेगळीच!

पैशाचा हिशोब

नव्या सायकलवर इथे २३ टक्के व्हॅट असतो, तर सायकलच्या दुरुस्तीवर १३.५ टक्के. म्हणजे टॅक्सच्या हिशोबानेही जुनी दुरुस्त करून वापरणं परवडतं. पुष्कळ जण विचारतात की ऑफिसच्या 'बाईक टू वर्क' योजनेतून मुलाची सायकल येईल का. नाही येत. २००९ मध्ये सुरू झालेली ती योजना नोकरी करणाऱ्याच्या स्वतःच्या सायकलसाठी आहे. आई-बाबांनी आपली सायकल त्यातून घेतली आणि वाचलेले पैसे मुलाच्या सायकलकडे वळवले, तर ते शहाणपणाचं. ब्रिटनमधून ऑनलाइन मागवणार असाल तर ब्रेक्झिटनंतर, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, इथला व्हॅट आणि प्रसंगी जकात वर पडते हे धरून किंमत लावा.

स्वस्त कोणती, हे विकत घेतानाच्या किंमतीवरून ठरत नाही. समजा, दोनशे युरोची हलकी, चांगल्या बनावटीची सायकल घेतली आणि दोन वर्षांनी ती शंभराला गेली, तर खर्च झाला वर्षाला पन्नास. शंभराची जड सायकल घेतली, मुलाने ती सहा महिन्यांत टाकली आणि कुणी फुकटही नेली नाही, तर ती महाग पडली. आणि तीच चांगली सायकल आपण सुरुवातीलाच वापरलेली म्हणून शंभराला घेतली, तर विकताना थोडाच तोटा होतो. ब्रिटनमधल्या 'आयलाबाइक्स' या कंपनीने २००६ च्या आसपास मुलांसाठी हलक्या सायकलींचं नाव केलं आणि २०२३ मध्ये नव्या सायकली बनवणं थांबवलं, पण त्यांच्या जुन्या सायकली लोक अजून शोधत असतात, ते याच कारणासाठी.

वापरलेली सायकल घेताना

पहिलं काम सीट वर-खाली करून बघायचं. इथल्या पावसात बाहेर राहिलेल्या सायकलची सीटची नळी फ्रेममध्ये गंजून अडकते. ती हलली नाही तर वाढत्या मुलासाठी ती सायकल निरुपयोगी, कितीही चकचकीत असो. मग चाक उचलून फिरवा. डुलत असेल तर रिम आउट आहे. टायरच्या बाजूंना चिरा, चेनवर लाल गंज, हॅण्डलमध्ये खडखड यांकडे बघा. ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर आणि केबल स्वस्तात बदलता येतात. वाकलेली किंवा तडकलेली फ्रेम मात्र नको. फ्रेमवर, बहुधा पायडलच्या दांड्याखाली, नंबर कोरलेला असतो. तो खरवडलेला असेल आणि विकणाऱ्याला साधी माहितीही सांगता येत नसेल, तर सरळ निघून या. चोरीची सायकल आपल्या मुलाला नको.

हेल्मेट मात्र नवंच घ्या. आतून तडा गेलेला बाहेरून दिसत नाही. आयर्लंडमध्ये ते सक्तीचं नसलं तरी मुलाच्या डोक्यावर हवंच. आत ईएन १०७८ ही खूण बघा आणि पट्टा हनुवटीखाली नीट बसतो ना ते तपासा.

या मातीतली गोष्ट

सायकलच्या हवेच्या टायरचा जन्म याच बेटावर, एका मुलापायी झाला, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या तिचाकीला तेव्हा भरीव टायर, त्यामुळे दगडी रस्त्यावर नुसते दणके बसायचे. डनलॉपनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. कल्पना आधी रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली होती, पण ती विस्मरणात गेली होती. १८८९ मध्ये डब्लिनमध्ये कंपनी निघाली आणि पुढे 'डनलॉप' हे नाव आपल्या गावच्या पंक्चरवाल्याच्या पाटीपर्यंत पोचलं.

आयरिश भाषेत सायकलला 'रोहर' म्हणतात. गॉलवेमध्ये 'अन मेहल रोहर' नावाची संस्था लोकांना सायकल दुरुस्त करायला शिकवते आणि जुन्या सायकली पुन्हा चालत्या करते. डब्लिनच्या बॅलिमनमधलं रिडिस्कव्हरी सेंटरही जुन्या सायकलींना नवं आयुष्य देतं. यातला 'मेहल' हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कापणीच्या वेळी शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात जाऊन काम करायचं, त्याला इथे मेहल म्हणतात. आपल्याकडे त्यालाच इर्जिक म्हणतात!

मग सायकलींची एक इर्जिक आपणही का घालू नये? आपल्या मंडळात तीन वर्षांच्या चिमुरड्यांपासून बारा वर्षांच्या दादा-ताईंपर्यंत सगळ्या मापांची मुलं आहेत. एकाची लहान झाली की पुढच्याला द्यायची. देताना हवा भरून, चेनला तेल घालून, पुसून द्यायची. आणि ज्यांना मिळाली त्यांनी, ही पुस्तिका ज्या कामासाठी निघाली आहे त्या कामाच्या पेटीत, यथाशक्ती काही टाकायचं. सायकलही चालत राहील आणि मदतही.

तेव्हा आज घरी गेलात की शेडचं दार उघडा. आत एखादी लहान झालेली सायकल नक्की असेल. सीट हलते का बघा आणि कुणाच्या मापाची आहे ते विचारायला सुरुवात करा.