सिक्कीमचा गुरांस, क्यूचा बहर

मे महिन्यात लंडनला मुलांकडे गेलेले मराठी आईवडील क्यू उद्यान पाहतातच. काचघरं आणि पॅगोडा झाला की बहुतेकांचे पाय दुखू लागतात आणि टेम्सच्या बाजूची ऱ्होडोडेंड्रॉनची दरी राहून जाते. ती चुकवू नये. ही दरी नैसर्गिक नाही. १७७३ च्या सुमारास 'केपेबिलिटी' ब्राउन या उद्यानरचनाकाराने ती खोदून घेतली. हिमालयातली झाडं तिथे आली ती पुढे, जोसेफ डाल्टन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे.

हूकर १८४८ मध्ये दार्जिलिंगला पोहोचला. त्याचे वडील क्यूचे संचालक होते. पुढची दोन वर्षं तो सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला. पावसात, जळवांत, बर्फात त्याने बिया आणि नमुने गोळा केले, चित्रं काढली. तो हिमालयात असतानाच, १८४९ मध्ये, त्याच्या रेखाटनांवरून वॉल्टर फिच याने केलेल्या भव्य चित्रांचा ग्रंथ लंडनमध्ये निघू लागला. ती चित्रं पाहून इंग्लंडमधल्या बागवाल्यांना या झाडांचं वेडच लागलं.

या शोधाला एक राजकीय बाजूही आहे, आणि ती फुलांइतकीच लक्षात ठेवायला हवी. सिक्कीमच्या दरबाराला ही भटकंती पसंत नव्हती. नोव्हेंबर १८४९ मध्ये दार्जिलिंगचे अधीक्षक कॅम्पबेल यांना सिक्कीममध्ये पकडण्यात आलं. हूकरही त्यांच्यासोबत अटकेत राहिला. डिसेंबरमध्ये दोघे सुटले. पण ब्रिटिशांनी सूड म्हणून सिक्कीमचा दक्षिणेकडचा मुलूख कायमचा गिळला. हूकरने नव्या जातींना मित्रांची आणि अधिकाऱ्यांची नावं दिली: थॉमसन, हॉजसन, लेडी डलहौसी. त्याचं सामान वाहणाऱ्या, त्याच्यासाठी झाडांवर चढणाऱ्या लेपचा माणसांबद्दल त्याने आपल्या प्रवासवर्णनात जिव्हाळ्याने लिहिलं. मात्र बागेतल्या पाट्यांवर ती माणसं नाहीत. मला हा अन्याय वाटतो.

बागेत गेल्यावर नुसते रंग पाहून पुढे सरकू नका. पान उलटून पाहा. 'फाल्कनेरी'चं पान वीतभर किंवा त्याहून मोठं असतं आणि त्याच्या पाठीवर गंजाच्या रंगाची दाट लव असते. 'थॉमसनी'ची साल पापुद्र्यांनी सुटते, आत गुळगुळीत खोड दिसतं, आणि फूल रक्तासारखं लाल. कडाक्याच्या थंडीत अनेक जातींची पानं गुंडाळून सुरळीसारखी लोंबतात. या झाडांची मुळं उथळ असतात. त्यांना आम्लधर्मी, पाणी न साचणारी पण ओलसर माती आणि दमट, थंड हवा लागते. म्हणूनच कोरड्या लंडनपेक्षा कॉर्नवॉल आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा त्यांना अधिक मानवला. वेळ असेल तर स्कॉटलंडमधली बेनमोर बाग गाठावी. तिथल्या डोंगरउतारावर ही झाडं खरी खुलतात.

बागवाल्यांनी संकरही पुष्कळ केले. ससेक्समधल्या लेनर्ड्सली इथे सर एडमंड लोडर यांनी १९०१ मध्ये हिमालयातली 'ग्रिफिथियानम' आणि चीनची 'फॉर्च्युनी' यांचा संकर केला. त्यातून आलेली मोठी, सुगंधी फुलं आजही मे महिन्यात गर्दी खेचतात. दुसरीकडे, कलमांसाठी खुंट म्हणून वापरलेली 'पाँटिकम' ही जात ब्रिटनच्या रानांत इतकी माजली, की तिच्या दाट सावलीखाली दुसरं काही उगवत नाही. ती तोडण्यावर तिथे आज मोठा खर्च होतो.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत ऱ्होडोडेंड्रॉन नाही. पश्चिम घाटात तो भेटतो तो दक्षिणेकडे, निलगिरी आणि अनामलाईसारख्या उंच डोंगरांवर. पण सिक्कीमला तर मराठी पर्यटकांच्या बसगाड्या दर मे महिन्यात जातात. तिथे नेपाळी बोलणारे लोक याला गुरांस म्हणतात. पश्चिम सिक्कीममधलं १०४ चौरस किलोमीटरचं बार्से अभयारण्य याच झाडांसाठी राखलेलं आहे. हिलेहून बार्सेपर्यंतची पायवाट सुमारे चार किलोमीटरची, फारशी चढाची नाही. तिथला भर एप्रिलमध्ये असतो, म्हणून शाळेच्या परीक्षा आटोपताच निघा. मे महिन्यातच जमणार असेल तर उत्तर सिक्कीममधलं, अधिक उंचावरचं यूमथांग गाठा. तिथे फुलं उशिरा येतात. क्यूला जायच्या आधी हे करा.