डब्यात राहिलेली रत्नं

चार्ल्स बर्नेट यांनी ‘किलर ऑफ शीप’ हा कृष्णधवल सिनेमा केला तो यूसीएलए विद्यापीठातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा भाग म्हणून. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत, बहुतेक शनिवार-रविवारी, हौशी मंडळींना घेऊन त्याचं चित्रीकरण झालं. खर्च १० हजार डॉलरच्या आतच. नायक स्टॅन कत्तलखान्यात राबतो आणि रात्री त्याला झोप लागत नाही. कथानक म्हणावं तर एवढंच. पण डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन यांच्या गाण्यांचे हक्कच घेतलेले नव्हते, त्यामुळे चित्रपटगृहांची वाट बंद. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली, तरी रीतसर प्रदर्शन व्हायला २००७ उजाडलं. गाण्यांच्या हक्कांपोटी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे निर्मितीखर्चाच्या पंधरापट!

बार्बरा लोडन यांचा ‘वांडा’ (१९७०) हाही असाच डब्यात राहिलेला: व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला, मायदेशात मात्र विसरला गेला.

असे सिनेमे हुडकायचे तर ती राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीच चाळावी. दरवर्षी २५ सिनेमे, प्रत्येक किमान १० वर्षं जुना. यादीत ‘द गॉडफादर’ही आहे, तो ओलांडून पुढे जायचं.